एकाच दगडात स्तूप आणि विठोबा

कराडहून आगाशिवच्या डोंगरावर जखिणवाडीच्या अंगानं चढलं की साठाहून जास्त लेणी लागतात. बहुतेक साधीच. पुढं ओसरी, आत खोल्या, खोलीत निजायला दगडातच काढलेला कट्टा. दोन हजार वर्षांपूर्वी इथं बौद्ध भिक्खू राहत होते. वरून पाहिलं तर खाली ऊस, कोयनेचा पट्टा, महामार्गावरच्या गाड्या. या लेण्यांपैकी एकात मागच्या बाजूला स्तूप आहे, आणि त्याच स्तूपाच्या पुढच्या अंगावर नंतर कुणीतरी विठोबा कोरला आहे. दगड एकच.

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल नेण्याआधी वाट बघून यावी म्हणून मी आणि माझे एक सहकारी शिक्षक तिथं गेलो होतो. ते बौद्ध, मी वारकरी घरातला. आत गेल्यावर दोघांचेही हात आपोआप जोडले गेले. मी विठोबाला नमस्कार केला, ते स्तूपापुढं वाकले. उतरताना वाटेत एक म्हातारबाबा भेटले. "काय गुरुजी, इठोबाचं दर्शन झालं न्हवं?" मी हो म्हणालो. सहकारी गप्प राहिले. खाली येऊन चहा घेताना ते शांतपणे म्हणाले, "सर, त्या दगडात आधी काय होतं, हे कुणी विचारत नाही बघा."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. हिंदू आणि बौद्ध विचारांचा आजच्या समाजावर काय प्रभाव आहे, असा विषय निघाला की आपल्याकडं दोन उत्तरं तयार असतात. एक, "अहो, सगळं एकच आहे, बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतार." दुसरं, "दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही." मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. या दोन विचारांनी एकमेकांशी शतकानुशतकं वाद घातला, एकमेकांकडून घेतलं, कधी एकमेकांच्या जागाही घेतल्या. आज आपण ज्या कायद्याखाली राहतो, जो व्यायाम करतो, मुलांना शाळेत जे शिकवतो, त्यातलं बरंच काही या वादातून आलेलं आहे.

आधी बौद्ध विचार आमच्या भागात आला कसा, ते थोडक्यात. व्यापाऱ्यांबरोबर आला. कराडचं जुनं नाव करहाकट. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुतचा स्तूप होता. त्याच्या कठड्यावर दात्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यात 'करहाकट निगमाचं दान' असा लेख आहे. निगम म्हणजे व्यापारी नगर. एका धनिकानं नव्हे, अख्ख्या गावानं मिळून दान दिलं होतं. आज मंडळाची वर्गणी गोळा करणाऱ्या पोरांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत कराडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. म्हणजे त्या काळी हा धर्म बाजारपेठेत, रस्त्यावर, कारागिरांत रुजलेला होता.

पुढं राजाश्रय गेला, व्यापाराचे रस्ते बदलले, मठ ओस पडले. वाईजवळ लोहाऱ्याच्या लेण्यांत स्तूपाच्या जागी शिवलिंग झालं आणि तो पालपेश्वर म्हणून पुजला जाऊ लागला. आगाशिवच्या माथ्यावरही महादेवच आहे. पण विचार सगळा पुसला गेला नाही. संतांच्या अभंगांत विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटलेलं सापडतं. दशावताराच्या जुन्या मराठी चित्रांत नवव्या जागी बुद्धाऐवजी विटेवरचा विठोबा काढलेला दिसतो. मला यात आपल्या पूर्वजांची आठवण जागी असल्याची खूण दिसते. माझ्या सहकाऱ्यांना त्यात मूळ नाव पुसल्याची खूण दिसते. मी आता त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण दोन्ही खुणा खऱ्या आहेत.

आता विचारांकडं येऊ. इथं थोडं थांबावं लागेल, कारण शब्द सारखे आणि अर्थ वेगळे अशी गंमत आहे.

कर्म हा शब्द घ्या. आपल्याकडं कुणाचं काही बिघडलं की "कर्म माझं!" म्हणत कपाळाला हात लावतात. म्हणजे कर्म म्हणजे नशीब. प्रत्यक्षात गीतेत कर्म म्हणजे करणं, फळाकडं डोळे न लावता आपलं काम करणं. बुद्धानं आणखी आत बोट ठेवलं. तो म्हणतो, चेतना म्हणजे मनातला हेतू, तेच कर्म. चुकून पाय पडून मुंगी मेली आणि मुद्दाम मारली, यात फरक आहे तो हेतूचा. आज कोर्टातसुद्धा खुनाच्या खटल्यात हेतू काय होता हे पाहतात. तो कायदा इंग्रजांकडून आला हे खरं, पण गावातल्या अडाणी म्हातारीलाही "मनात काय होतं ते देवाला ठावं" हे कळतं, ते कुठल्याही कायद्याआधीपासून.

कर्माचा एक वाईट वापर मात्र शेकडो वर्षं झाला. अमक्या जातीत जन्मलास ते मागच्या जन्माचं फळ, असं सांगून माणसाला गप्प बसवलं गेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाचा धम्म मांडताना नेमका हाच धागा तोडला. मागच्या जन्माचं कर्म या जन्माची गरिबी ठरवतं, ही कल्पना त्यांनी नाकारली. गरिबी आणि अन्याय माणसांनी केलेले आहेत, म्हणून ते माणसांना दूर करता येतात. धर्म आणि धम्म हा एकाच शब्दाचा संस्कृत आणि पाली उच्चार आहे, तरी माझे सहकारी आग्रहानं धम्म म्हणतात तो याच कारणासाठी.

दुसरा शब्द आत्मा. उपनिषदं सांगतात, शरीर बदलतं, आत्मा तोच राहतो. बुद्ध म्हणतो, असा न बदलणारा काही ठेवा आत सापडत नाही, जे आहे ते बदलत जाणारा प्रवाह. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू हे राजाला समजावताना दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप असं उदाहरण देतात. मी वर्गात गुऱ्हाळाचं देतो. ऊस चरकात गेला, रस झाला, काहिलीत आटला, काकवी झाली, पुढं गूळ झाला. गूळ म्हणजे ऊसच का? नाही. मग उसाहून वेगळा का? तेही नाही. पोरं हसतात, पण कळतं त्यांना. दोन्ही उत्तरांचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. आत्मा मानणारा माणूस प्रत्येकात एकच देव पाहायला शिकू शकतो. अनात्म मानणारा माणूस 'मी असाच आहे, माझा स्वभावच असा' हे कारण पुढं करू शकत नाही, कारण सगळंच बदलतं आणि बदलवता येतं.

हे सगळं पुस्तकी वाटेल. म्हणून पाण्याकडं येतो.

साल १९०१. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ नोकरीनिमित्त गोरेगावला होते, मुलं साताऱ्यात. सुट्टीत वडिलांना भेटायला म्हणून भिवा, म्हणजे लहानपणीचे बाबासाहेब, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं रेल्वेनं निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवीन जोडे. स्टेशनमास्तरांनी आधी प्रेमानं चौकशी केली. जात कळल्यावर ते मागं सरले. बैलगाडीवाले गाडी द्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही एका अटीवर: गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. सोबत जेवण होतं, पण पाणी नव्हतं आणि कुणी देणार नव्हतं. रात्री नाक्यावर मुलांनी मुसलमान असल्याचं सांगून पाहिलं, तरी पाणी मिळालं नाही. तान्हेलीच झोपली. बाबासाहेबांनी पुढं हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

मसूर माझ्या घरापासून लांब नाही. त्या स्टेशनवर मी कित्येकदा उतरलोय, नळाला तोंड लावून पाणी प्यालोय. हे वाचल्यानंतर तिथं पाणी पिताना घसा थोडा अडतो.

त्याआधी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, याच भिवाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं होतं. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. रजिस्टरमध्ये १९१४ क्रमांकापुढं त्याची नोंद आहे, आणि महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्याची आई भीमाबाई साताऱ्यातच गेली, तिची समाधी साताऱ्यात आहे.

या मुलानं पुढं संविधानाचा मसुदा केला. त्यात कलम १७ नं अस्पृश्यता रद्द केली. १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपले शब्द फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेले नाहीत, ते आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून आलेले आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, त्यांनी नागपुरात लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. तेव्हाच्या २२ प्रतिज्ञांपैकी एक स्पष्ट आहे: बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही. आता आगाशिवचा तो दगड पुन्हा डोळ्यापुढं आणा. "सगळं एकच" असं म्हणताना आपण कुणाच्या तरी प्रतिज्ञेवर पाय देत असतो, हे ध्यानात घ्यावं.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यातले सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. म्हणजे दसऱ्याला आपण आपट्याची पानं लुटत असतो त्याच दिवशी आपल्याच गावातली कितीतरी कुटुंबं दीक्षाभूमीला गेलेली असतात. सण एक, दिवस एक, आठवण वेगळी.

हिंदू बाजूनं या वादाला उत्तर दिलं नाही असं नाही, आणि ते उत्तर बरंचसं याच भागातून गेलं. जोतिराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, खंडाळा तालुक्यातलं. वाईसारख्या वैदिक पाठशाळांच्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. शास्त्रं मुखोद्गत असलेला हा माणूस शास्त्राधारेच सांगू लागला की अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश नाकारता येत नाही. १९३३ साली गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचं आंतरजातीय लग्न झालं, त्याचं पौरोहित्य लक्ष्मणशास्त्र्यांनी केलं. पालपेश्वराची लेणी वाईपासून जवळच आहेत. मला ही जवळीक फार बोलकी वाटते.

कर्मवीर भाऊराव पाटील जन्मानं जैन. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. ज्या मुलांना मसूरसारख्या ठिकाणी पाणी मिळत नव्हतं, तीच मुलं इथं एका हंड्यातलं पाणी पीत होती. यात बौद्ध किती, जैन किती, वारकरी किती, असा हिशेब मांडता येणार नाही, आणि मला तो मांडायचाही नाही.

सरकारी कागदात मात्र हिशेब मांडलेला आहे आणि तो गुंतागुंतीचा आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू होतो. म्हणून पंचशील घेऊन, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं झालेलं लग्नही याच कायद्याखाली नोंदवलं जातं. प्रथेप्रमाणे झालेला विधी कायदा मानतो, सप्तपदी झालीच पाहिजे असं नाही. पण नाव 'हिंदू विवाह कायदा' हेच राहतं आणि अनेक बौद्ध कुटुंबांना ते खटकतं. वेगळ्या कायद्याची मागणी यातूनच आहे. दुसरा गुंता सवलतींचा. धर्मांतरानंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतून ही माणसं बाहेर पडली, ती परत आली १९९० साली. महाराष्ट्रात मात्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं राज्याच्या सवलती त्यांना लागू केल्या. यशवंतराव जन्मले देवराष्ट्र्यात, वाढले कराडात. शाळेच्या फॉर्मवर आपण अजून 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असा रकाना भरतो. माझे सहकारी म्हणतात, "सत्तर वर्षं होत आली, अजून आम्ही नवेच का?" मला हा प्रश्न रास्त वाटतो.

आता शरीर आणि मन. इथंही सातारा जिल्हा आडवा येतो.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले होते. १९२० च्या दशकात त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि १९३८ मध्ये लंडनमध्ये इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. तेव्हा सूर्यनमस्कार हा तालमीचा, व्यायामाचा प्रकार समजला जाई. आज न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंत कुठल्याही योगवर्गात पहिला घाम त्यानंच निघतो. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा योग दिवस ठरवला, तेव्हा औंधच्या टेकडीवरची यमाई मनात येऊन गेली.

मनाची गोष्ट मंडालेहून येते. मंडाले म्हटलं की आपल्याला लोकमान्य आठवतात. ब्रह्मदेशातल्या त्या तुरुंगात टिळकांनी गीतारहस्य लिहिलं, १९१५ ला ते छापलं गेलं आणि एका पिढीला गीता म्हणजे कर्मयोग हे कळलं. त्याच मंडालेत १९२४ साली सत्यनारायण गोयंका जन्मले. घर मारवाडी, हिंदू. ब्रह्मदेशातल्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं ते विपश्यना शिकले आणि १९६९ साली भारतात येऊन शिकवू लागले. इगतपुरीचं केंद्र त्यातूनच उभं राहिलं. म्हणजे भारतातून गेलेली विद्या ब्रह्मदेशानं जपली आणि एका हिंदू घरातल्या माणसाच्या हातानं परत महाराष्ट्रात आली. दहा दिवसांचं शिबिर, मौन, आधी तीन दिवस फक्त येणाजाणाऱ्या श्वासाकडं लक्ष. त्याला आनापान म्हणतात. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत ते मुलांना शिकवलं गेलं. आमच्याही शाळेत परिपाठानंतर दहा मिनिटं डोळे मिटून बसतात. पहिल्या आठवड्यात खुसखुस, मग हळूहळू पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो.

अमेरिकेत १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्यानं त्रासलेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात बौद्ध ध्यान होतं आणि हठयोगाची आसनंही. धार्मिक शब्द सगळे काढलेले. आज मोबाइलवर 'माइंडफुलनेस' म्हणून जे विकलं जातं त्याचं मूळ इथं आहे. मूळ पाली शब्द सति, म्हणजे आपलं स्मृती, सावध राहणं.

यातून एक गोष्ट मात्र वाटेत सांडली, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पतंजलीनं आसनाच्या आधी यम सांगितले: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. बुद्धानं ध्यानाच्या आधी पंचशील सांगितलं: हिंसा नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं नको, नशा नको. पाचातले चार जवळपास तेच. दोघांच्याही मते आधी वागणं, मग बसणं. मोबाइलवरच्या ध्यानात फक्त बसणंच उरलं. आमच्या गावांत मात्र वागणं अजून जिवंत आहे. माळकरी माणूस गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा दारू-मटण सोडतो. बौद्ध वस्तीत पंचशील म्हणताना पाचवं शील नशेचं येतं. आमच्या भागात दारूच्या दुकानाविरुद्ध मत देऊन 'आडवी बाटली' करायला बायका रांगेत उभ्या राहिल्या, त्या रांगेत दोघीही असायच्या. कुणी कुणाला ग्रंथ विचारला नाही.

असे छोटे धागे शोधू लागलं की खूप सापडतात. आकाशवाणीचं ब्रीद 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे बुद्धानं सारनाथला भिक्खूंना प्रवासाला धाडताना वापरलेले शब्द. एलआयसीच्या पावतीवरचं 'योगक्षेमं वहाम्यहम्' गीतेच्या नवव्या अध्यायातलं. नोटेवरची राजमुद्रा अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरून घेतलेली आणि तिच्याखालचं 'सत्यमेव जयते' मुंडक उपनिषदातलं. सांगली आकाशवाणी लावून विम्याचा हप्ता मोजणारी माझी आई दोन्ही परंपरा एकाच वेळी वापरत होती.

सहलीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी फळ्यावर त्या लेण्याची माहिती लिहायला घेतली. बराच वेळ एकमेकांची वाक्यं पुसत होतो. मी 'विठ्ठलाचं लेणं' लिहिलं, त्यांनी पुसलं. त्यांनी 'विद्रूप केलेला स्तूप' लिहिलं, मी पुसलं. शेवटी दोन वाक्यं उरली. 'या दगडात आधी स्तूप कोरला. नंतर त्याच्यावर विठोबा कोरला.' मुलांनी वहीत उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी लेण्यात उभं राहून सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग कोरताना आधीच्यांना विचारलं होतं का?"

शाळेत परतल्यावर आम्ही तो प्रश्न फळ्यावर तिसरं वाक्य म्हणून लिहिला.